ट्रे खाली, पाणी वर

३ फेब्रुवारी

ठकी आज सकाळी गेली. ठकी म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण लहानपणी मला गंडवून माझ्या डब्यातल्या गोळ्या काढून न्यायची, म्हणून मीच हे नाव पाडलं. आता वनस्पतींवर मोठा अभ्यास करते. तीन महिने कुठल्याशा संशोधन केंद्रावर राहणार आहे.

जाताना माझ्या दारात आली आणि हातात एक पसरट पांढरा ट्रे ठेवला. आत ओलसर, हिरवं, लोकरीचे बारके गोंडे दाटीवाटीने बसवावेत तसं काहीतरी.

"काका, हे स्फॅग्नम मॉस. शेवाळाच्या भावकीतलंच, पण जरा मानी. जिथून आणलं ती पाणथळ बुजवून आता रस्ता झालाय. माझ्याकडे आहे तेवढंच उरलंय. हे मेलं तर माझी तीन वर्षं मेली."

"मग तुझ्या बापाच्या गळ्यात बांध. तो रिकामाच असतो."

"वर सगळीकडे ऊन येतं. तुझ्या आतल्या खोलीच्या खिडकीत उजेड भरपूर आणि ऊन अजिबात नाही. शिवाय तुझ्याइतकी निगा कोण ठेवणार?"

या शेवटच्या वाक्याला मी भुललो. इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण विभागात एकतीस वर्षं काढली. माझ्या हातून धुऊन, वाफवून, बांधून गेलेल्या अवजाराकडे कुणी बोट दाखवलं नाही. आतली खोली म्हणजे आईची. चौदा महिने वापरात नाही, पण मी रोज पुसतो. खिडकीचा कट्टा स्पिरिटने दोनदा पुसून ट्रे तिथे ठेवला.

ती गेल्यावर ट्रेला चिकटवलेली चिठ्ठी वाचली. सतत ओलं ठेवणे. खत नको. दाबायचं नाही, जागचं हलवायचं नाही. फक्त पावसाचं पाणी, नळाचं थेंबभरही नाही. आणि सगळ्यात खाली: "पावसाच्या पाण्याचे आठ कॅन बाबांकडे आहेत. त्यांच्याकडे मागायचे."

आता काय म्हणावं? ट्रे खाली, पाणी वर! एवढी शिकलेली मुलगी, पण व्यवस्था म्हणून नाही. घाईघाईत तिच्या डोक्यात हेही आलं नाही की तिचा बाप आणि मी चौदा महिने एकमेकांशी बोलत नाही.

४ फेब्रुवारी

दादा वरच्या मजल्यावर, मी खालच्या. मधे सतरा पायऱ्यांचा बाहेरचा जिना. काही कळवायचं झालं, टाकी धुवायची, विजेचं बिल आलं, तर मी वहिनींना सांगतो, त्या दादाला सांगतात, उत्तर घेऊन येतात. आज त्या खाली आल्या तेव्हा म्हटलं, "वहिनी, तेवढे दोन कॅन खाली पाठवता का?"

"भावजी, पोस्टाची नोकरी सोडली मी. गुडघे बोलतात माझे. तुमचं तुम्ही मागा. हे काय खाणार आहेत तुम्हाला?"

गुडघे बोलतात, आणि जिना दिवसातून चारदा उतरतात. यातलं खरं काय ते मला कळलं नाही.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मी हरी नाही आणि अडलेलाही नाही. पाणी म्हणजे पाणी. नळाचं घेईन, उकळीन, गाळीन, गार करीन. जंतू मेल्यावर पाण्यात वाईट असं उरतं काय?

९ फेब्रुवारी

पद्धत बसली. वीस मिनिटं उकळणे, झाकून गार करणे, हात कोपरापर्यंत धुणे, हातमोजे, मग पाणी. विभागात ठेवायचो तशी वहीत वेळेची नोंदही ठेवतो.

आज ट्रेच्या कडेला मोहरीएवढी गोगलगाय सापडली. चिमट्याने उचलून बाहेर टाकली. मग वाटलं, हिचं घर तेच असेल तर? मग वाटलं, असेना. पण दिवसभर ती डोक्यातून गेली नाही. जिवंत वस्तू स्वच्छ कशी ठेवायची, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्याकडे यायचं ते सगळं लोखंड.

मॉस हिरवंगार आहे. मला तर उगाच बाऊ केल्यासारखं वाटतंय.

२१ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय. मधल्या गोंड्यांची डोकी फिकी पडली आहेत, कडेची तपकिरी. पाणी कमी पडलं म्हणावं तर ट्रे ओला आहे. जास्त झालं म्हणावं तर चिठ्ठीत "सतत ओलं" लिहिलंय. उजेड कमी पडला असेल म्हणून पडदा काढला. मग जास्त झाला असेल म्हणून पुन्हा लावला. ट्रेच्या कडेवर पांढरी पूड साचते. स्पिरिटने पुसतो, दुसऱ्या दिवशी हजर.

बुरशी असावी. उद्यापासून पाणी तीनदा उकळणार.

२६ फेब्रुवारी

ठकीचा फोन आला. तिथे फोन लागत नाही, टेकडीवर चढून करावा लागतो म्हणाली.

"काका, मॉस कसं आहे?"

"आहे."

"पाणी पावसाचंच ना?"

"हो हो." माझी जीभ कशी वळली देव जाणे. आयुष्यात नोंदवहीत एक आकडा खोटा लिहिला नाही मी.

"बाबा काय म्हणाले पाणी देताना?"

"काही म्हणाला नाही." हे तर खरंच होतं.

  त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली. मला वाटलं होतं मॉसचे शंभर प्रश्न विचारेल, पानं किती, रंग कसा. तिने बापाचंच विचारलं. पोरगी एकटी पडली असेल तिकडे, घरची आठवण येत असेल.

२ मार्च

आज वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हे रोज सकाळी ते कॅन उन्हातून सावलीत ओढतात आणि दुपारी पुन्हा जागा बदलतात. झाकणं काय पुसतात, मोजतात काय. मला तर काही समजत नाही बाई." आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मला समजलं. पहारा चाललाय. माझ्या हाती एक थेंब लागू नये म्हणून. मी म्हटलं, "त्याला म्हणावं, मोजत बस." वहिनींनी कपाळाला हात लावला. यात कपाळाला हात लावण्यासारखं काय होतं?

६ मार्च

लाज गुंडाळून ठेवून रोपवाटिकेत गेलो. चिमूटभर मॉस डबीत घालून नेलं होतं. रोपवाटिकेवाला तोंडात काडी धरून बसला होता. त्याने मॉस बोटावर घेतलं, डोळ्याशी धरलं आणि विचारलं, "पाणी कुठलं?"

"तीनदा उकळलेलं."

"नळाचं?"

"नळाचंच, पण तीनदा उकळलेलं."

"अहो साहेब, उकळलं की जंतू जातात. क्षार कुठे जातील? पाणी आटतं आणि क्षार मागे राहतात. तीनदा उकळलंत म्हणजे तिप्पट खारवलंत. हे बिचारं नुसत्या पावसावर जगणारं. याला तुम्ही हळूहळू लोणच्यासारखं मुरवलंत."

घरी येऊन किटलीचं झाकण उघडलं. आत तीच पांढरी पूड, थरावर थर. बुरशी नव्हतीच. रोज चहा करताना दिसत होती ती मला. विभागातही वाफेच्या यंत्राला वेगळ्या पाण्याची नळी होती, पण ते खातं मेकॅनिकचं. मी कधी विचारलं नाही.

बॅटरीच्या दुकानात बिनक्षारांचं, याला चालेल असं पाणी मिळतं म्हणे. जाऊन पाहिलं. उघडं पिंप, वर तरंगणारी माशी. परत आलो. आता काय करावं ते सुचत नाही.

७ मार्च

दिवसभर आईच्या खोलीत खुर्ची टाकून त्या ट्रेसमोर बसलो. ही वही कुणी वाचत नाही, तेव्हा लिहून टाकतो.

आईच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा ही खोली मी तयार केली. पडदे काढले, भिंती पुसल्या, दाराशी मास्क, साबण, धुतलेले झगे. माझ्या परवानगीशिवाय कुणी आत नाही. दादाला खोकला झाला होता. मी उंबऱ्यावरच अडवलं. म्हटलं, "खोकला जाऊ दे. दोन दिवस थांब." तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. शांत गेली, झोपेतच.

दादा तेव्हा एवढंच म्हणाला, "तुझ्या खोलीत आई अगदी स्वच्छ मेली." ते शेवटचं.

नियमाने पाहिलं तर माझं काय चुकलं? खोकणाऱ्या माणसाला आत सोडायचं नाही, हा पहिला धडा. हे मी पंधरा महिने स्वतःला सांगतोय. पण आई जाण्याच्या आदल्या सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. दारात मला म्हणाले, "आता ज्यांना भेटायचंय त्यांना भेटू द्या." हे मी कुणाला सांगितलं नाही. त्याचा अर्थ मला कळला नव्हता असं नाही. दादाला आत घेतलं असतं तर आई जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी झगा घालून, हात धुऊन, तिला वाचवत बसलो होतो.

मी बरोबर होतो का? लिहिताना वाटतं नव्हतो. वाचून पाहिलं की वाटतं, होतो. पुन्हा वाचणार नाही.

१२ मार्च

पाच पायऱ्या चढलो. परत उतरलो. वरून दादाच्या चालण्याचा आवाज येत होता. मी थांबलो की तोही थांबायचा.

१९ मार्च

आज एक संपूर्ण कोपरा काळा पडलेला दिसला. मोडेन पण वाकणार नाही म्हणतात, पण मोडत होतं ते ठकीचं. हातातला हातमोजा काढून टाकला आणि वर गेलो.

दार वाजवायच्या आधीच उघडलं. दादा किती म्हातारा झालाय! रोज येताजाता दिसतो, पण समोरासमोर पाहिलं नव्हतं. आठही कॅन दाराला लागून ओळीने मांडलेले. द्यायचे नव्हते तर अगदी दाराशी का ठेवले असतील?

"पाणी हवंय," मी म्हटलं.

"फार उशीर केलास," तो म्हणाला. "आहे का जिवंत?"

"माहीत नाही."

त्याने एक कॅन उचलला. मी म्हटलं, "दे, मी नेतो. तुझी पाठ..."

"गप रे."

सतरा पायऱ्या तो पुढे, मी मागे. माझ्या घरातून सरळ आईच्या खोलीपर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला. कॅन अलीकडे ठेवला. "पुढे तू ने."

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, मुद्दाम करतोय. मला टोचायला. म्हटलं, "आता कशाला थांबलास? आता कोण अडवतंय तुला?" आवाज चढला माझा. आणि चढलेल्या आवाजातच सगळं बाहेर पडलं, डॉक्टर काय म्हणाले होते ते, मी ते दाबून ठेवलं ते.  आता हा काय करणार?

तो म्हणाला, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"डॉक्टर जाताना जिन्यापाशी भेटले. मलाही तेच म्हणाले."

मला काही कळेना. "मग आला का नाहीस? ढकलून यायचं होतंस मला. तुझ्या निम्मा आहे मी."

"तू नको म्हणालास."

"माझं ऐकलंयस कधी आजवर?"

तो दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी ऐकायला बरं वाटलं. तिला तसं बघायची हिंमत नव्हती माझी. घाबरलो होतो मी. तू अडवलंस आणि सुटलो. मग ती गेली. खापर फोडायला तुझं डोकं सगळ्यात जवळ होतं."

एवढं बोलून तो वर निघून गेला. मी कॅन धरून उभा. पंधरा महिने मी आरोपीसारखे काढले. आज कळलं की न्यायाधीश पळून गेला होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. आनंद झाला का? तोही नाही. पाणी घातलं. चिठ्ठीत लिहिलं नव्हतं, तरी रोपवाटिकेवाल्याने सांगितल्याप्रमाणे वरून भरपूर ओतून, खालचं खारं पाणी काढून टाकलं. तीनदा.

२० मार्च

सकाळी सात वाजता उंबऱ्याशी कॅन, तळाशी फक्त दिवसापुरतं पाणी. दादा वर गेलेला.

२३ मार्च

आज तो थांबला. "काही हालचाल?" म्हणाला.

"नाही."

"हं," म्हणाला आणि गेला. याला बोलणं म्हणायचं का? वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "तुमच्या दोघांचं हेच व्याख्यान समजा." त्या हल्ली खालीवर करताना गुणगुणतात. गुडघे बरे झालेले दिसतात.

२ एप्रिल

ठकीचा फोन. या वेळी सगळं खरं सांगितलं, नळाचं पाणी, तीनदा उकळणं, काळा कोपरा. म्हटलं, "बहुतेक मारलं मी तुझं मॉस. काय शिक्षा द्यायची ती दे."

ती म्हणाली, "डोकी मेली तरी देठ जिवंत राहतात कधीकधी. वाट बघ. पण आता पाणी कुठलं?"

"पावसाचं. तुझा बाप रोज सकाळी स्वतः आणतो, उंबऱ्यापर्यंत."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. म्हटलं, "सर्दी झालीय का? टेकडीवर वारं असेल. वाफ घे." तर ही हसायला लागली. रडते की हसते तेच कळेना. मी जरा करड्या आवाजात म्हटलं, "आणि पुढच्या वेळी ट्रे आणि पाणी एका ठिकाणी ठेवत जा. एवढी साधी व्यवस्था जमू नये?"

"चुकलं काका," म्हणाली. चूक कबूल केली, हे बरं केलं.

१७ एप्रिल

सकाळी भिंगातून एकेक देठ तपासत होतो. काळ्या कोपऱ्यात काही नाही. पण मधे एका तपकिरी देठाच्या बगलेत टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका. मला वाटलं डोळ्यांचा खेळ. भिंग पुसलं. शेजारच्या देठालाही होता. मोजले. अकरा निघाले. मी एकटाच मोठ्याने ओरडलो.

दादा उंबऱ्याशी कॅन घेऊन उभा होता. "काय झालं?"

"फुटलंय! बगलेतून फुटलंय!"

"दाखव. ट्रे आण इकडे."

"हलवायचा नाही, चिठ्ठीत लिहिलंय. आत येऊन बघ."

तो हलेना. मीही हलेना. म्हटलं, आता हा वर जाणार. मग त्याने कॅन खाली ठेवला आणि आत आला. चार पावलांची खोली, पण त्याला बराच वेळ लागला. भिंग डोळ्याला लावून खिडकीशी वाकला. "कुठे? मला तर काही दिसत नाही." मी त्याचं बोट धरून नेमकं ठिकाण दाखवलं. "हा?" "हा." "हा एवढासा?" "हो, एवढासाच."

भिंग ठेवून तो आईच्या पलंगाच्या कडेला बसला. हाताने गादी चाचपत म्हणाला, "काय म्हणत होती ती? शेवटी?"

सगळ्यांना मी सांगितलंय, शांत गेली, झोपेतच. या वहीतही तेच लिहिलंय. तेच सांगणार होतो. पण त्याच्याकडे बघून जमलं नाही.

"झोपली नव्हती," मी म्हटलं. "तुझा खोकला ऐकू येत होता तिला. म्हणायची, 'तो खोकतोय बघ. त्याला आत घे.' मी म्हणायचो, 'कुणी नाही गं आई.' तर म्हणायची, 'मला माझ्या पोराचा खोकला कळत नाही होय? बाहेर गार आहे, आत घे त्याला.' मी नाही घेतलं. माझं नाव तिने एकदाही काढलं नाही, मी समोरच होतो ना."

आता हा मला मारेल, असं मला खरंच वाटलं. मारलं असतं तर मी हात वर केला नसता.

दादाचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मी त्याला दुखवलं की काय केलं तेही कळेना. तो म्हणाला, "म्हणजे तिला माहीत होतं मी बाहेर आहे."

"पूर्ण वेळ."

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. तिच्या आवाजात सांग म्हणाला, तसंही सांगितलं. सकाळचा चहा गार होऊन गेला, वहिनी दोनदा दारापर्यंत येऊन परत गेल्या, आणि तो आपला दर खेपेला म्हणत होता, पुन्हा सांग.